चौऱ्याण्णव मधपेट्या आणि एक नाक

पडदा वर जातो तेव्हा बेकरीच्या मागचं अंगण दिसतं. डावीकडे भट्टीची काजळलेली भिंत, उजवीकडे पिठाच्या रिकाम्या पोत्यांची चळत, आणि मधोमध विटांच्या पायावर मांडलेल्या बावीस पांढऱ्या मधपेट्या. ऊन कोवळं आहे. माश्या केव्हाच कामाला लागल्या आहेत. त्यांना प्रेक्षकांची पर्वा नाही. दाराशी बेकरीवाला उभा आहे, कोपरापर्यंत पिठाने माखलेला, श्वास रोखून. आणि पहिल्या पेटीसमोर सत्तरी ओलांडलेला एक किडकिडीत माणूस गुडघे टेकून बसतो, डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवतो, डोळे मिटतो आणि पेटीत नाक घालतो.

दुसऱ्याच्या घरात नाक खुपसू नये, असं आपल्याला लहानपणापासून बजावतात. या माणसाला मात्र त्यासाठीच लोक मानाने बोलावून न्यायचे. तोंडावर त्यांना मामा म्हणत, पाठीमागे नाकमामा. हे दुसरं नाव त्यांना ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर पहिल्यापेक्षा जास्त आवडत होतं.

मामांचं हुंगणं म्हणजे तीन अंकी खेळ. पहिला अंक पेटीच्या दाराशी. दुसरा झाकण किलकिलं करून. तिसरा पिल्लांची चौकट वर ओढून थेट पोळ्यावर. निरोगी पिल्लांना कोमट दुधाचा आणि ताज्या मेणाचा वास येतो. कूज लागलेल्या पोळ्याला येतो तो सुताराकडच्या शिळ्या सरसाचा. ही कूज म्हणजे मधमाश्या पाळणाऱ्यांचा यम. मेणाच्या झाकणाखाली अळ्या सडून चिकट होतात, साफसफाई करणाऱ्या बिचाऱ्या माश्या तीच घाण पेटीभर पसरवतात, पेटी कमजोर पडली की शेजारच्या माश्या तिचा मध लुटायला येतात आणि मधाबरोबर रोगही घरी घेऊन जातात. त्या रोगाचं बी जुन्या लाकडात चाळीस-चाळीस वर्षं जिवंत राहतं. त्यामुळे या भागात त्यावर एकच उपाय मानला जायचा, खड्डा आणि आग.

तिसरा अंक संपला की मामा क्षणभर तसेच बसून राहत. बघणाऱ्यांची नजर टोपीवर. टोपी डोक्यावर चढली की पेटी निरोगी. मांडीवरच राहिली तर काय, ते गेल्या अकरा वर्षांत कुणाला बघावं लागलं नव्हतं.

त्या सकाळी बेकरीच्या अंगणात टोपी बावीस वेळा डोक्यावर चढली. बेकरीवाला हाच मधमाशीपालक संघाचा अध्यक्ष. त्याने दाखल्यावर मामांची सही घेतली, आणि भट्टीतून नुकताच काढलेला पाव कागदात गुंडाळून त्यांच्या हातात दिला. मामांनी पुडकं नाकाशी नेलं, 'वा' म्हणाले आणि घरी निघाले.

त्या पावाचा वास त्यांना आला नव्हता. पेट्यांचाही नाही. बावीसपैकी एकीचाही नाही.

मामांची सगळी नोकरी धान्याच्या गोदामात गेली. तिथे पोत्यांच्या थप्पीजवळून नुसतं चालत जाताना ते सांगायचे, खालून तिसऱ्या ओळीत एक पोतं ओलसर आहे, काढा. काढलं की निघायचंच. माश्या त्यांनी हौस म्हणून पाळल्या. चाळिशीत होते तेव्हा या भागात पहिल्यांदा कूज आली. माश्या का मरताहेत, कुणाला कळेना; कुणी म्हणे थंडी, कुणी म्हणे फवारणी. मामांनी स्वतःच्या चौदा पेट्या हुंगल्या, चौदाही स्वतःच्या हातांनी जाळल्या, आणि मग सरसाच्या त्या वासाच्या मागावर घरोघर फिरून रोग निपटून काढला. लोकांच्या दीडशे पेट्या वाचल्या. त्या वर्षापासून संघाने नियमच केला की फळबागा फुलायच्या आधी मामांचा दाखला असल्याशिवाय एकही पेटी बागेत जायची नाही. बागेत सगळ्यांच्या पेट्या एकाच बांधावर शेजारी शेजारी ठेवतात. तिथे एक जरी आजारी निघाली, तर महिनाभरात सगळ्यांना प्रसाद.

तीस वर्षं हे नाक नीट चाललं. आणि ज्याचं नाक इतकं नीट चालतं, त्याला डोळे उघडायची सवय राहत नाही. एकाग्रतेसाठी मामा डोळे मिटायचे, बघणाऱ्यांनाही ते मिटलेले डोळे फार आवडायचे. पोळ्याकडे निरखून बघणं हे त्यांच्या लेखी नाक नसलेल्या गरिबांचं काम झालं होतं.

मग त्या वर्षी थंडीत ताप आला. पाच दिवसांत ताप गेला, जाताना वास घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल परत, महिना-दोन महिने धरा. मामांनी तेवढेच धरले. रोज सकाळी साबणाची वडी हुंगायची, कॉफीचा डबा हुंगायचा, आणि काहीच न लागल्यावर स्वतःची समजूत घालायची की आज जरा कालच्यापेक्षा बरं आहे. तोवर दाखल्यांचे दिवस आले. सात अंगणं, चौऱ्याण्णव पेट्या. आपलं नाक गेलं आहे हे सांगायला एकदा जीभ उचलली असती, तर प्रश्न मिटला असता. पण गायकाने आपला आवाज गेला असं मैफलीच्या दिवशी सांगावं, तसं ते त्यांना वाटत होतं. आज सांगू, उद्या सांगू असं करता करता टोपी चौऱ्याण्णव वेळा चढली.

त्यानंतर तीन आठवड्यांनी, एका मंगळवारी सकाळी, शिलाईताई मामांच्या दाराशी आल्या.

या शिलाईताई बेकरीच्या मागच्या गल्लीत राहायच्या आणि शाळेचे गणवेश शिवायच्या. चाळिशीच्या, तिखट जिभेच्या, गळ्यात कायम मोजपट्टी. त्यांच्याकडे नऊ पेट्या होत्या. त्या एवढंच म्हणाल्या की मामांनी येऊन एक चौकट बघावी. चौकट घेऊन त्या आल्या नव्हत्या, एवढी समज त्यांना होती. वाटेत त्यांनी सांगितलं, मेणाची झाकणं आत ओढल्यासारखी दिसताहेत, टाके जास्त ताणले की कापड चुरगळतं तशी, आणि मधूनमधून सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं आहेत.

 हे वर्णन मामांना तोंडपाठ होतं.

अंगणात पोचल्यावर त्यांनी गुडघे टेकले, टोपी मांडीवर ठेवली, पेटी उघडली, चौकट उचलली आणि कित्येक वर्षांनी प्रथमच डोळे उघडे ठेवून पोळ्याकडे पाहिलं. आगकाडी मागितली. एक झाकण टोकरून काडी आत फिरवली आणि हळूच वर ओढली. काडीबरोबर तपकिरी चिकट तार ओढली गेली, बोटभर लांब, गोंदासारखी, तुटता तुटेना. ही कुजेची सही. मामांनी सवयीने ती काडी नाकाजवळ धरली.

शिलाईताई केव्हाच चार पावलं मागे गेल्या होत्या, नाकाला रुमाल लावून.

"मामा, इतक्या जवळून कसं सहन होतं तुम्हाला?" त्या म्हणाल्या. "मला इथे उभं राहून मळमळतंय."

मामांच्या हातातली काडी तशीच नाकाजवळ. शिलाईताईंनी रुमाल खाली घेतला. आधी काडीकडे पाहिलं, मग मामांच्या चेहऱ्याकडे, मग मांडीवरच्या टोपीकडे. कापड कुठे उसवलंय हे ज्यांना लांबून दिसतं, त्यांना माणूस कुठे उसवलाय हे दिसायला किती वेळ लागणार.

"तीन आठवड्यांपूर्वी या पेटीवर टोपी घातली होतीत."

"घातली होती," मामा म्हणाले.

दोघांनी मिळून बाकीच्या आठ पेट्या काडीने तपासल्या. एक आणखी आजारी निघाली, सात ठीक. मग हळूहळू कारणही निघालं. हिवाळ्यात शिलाईताईंनी एका बंद पडलेल्या गोठ्यातून कुणाच्या तरी जुन्या मधपेट्यांच्या चौकटी आणल्या होत्या, चांगल्या लाकडाच्या, वाया कशाला घालवायच्या म्हणून, आणि त्या नेमक्या याच दोन पेट्यांत बसवल्या होत्या. हे सांगताना त्यांचा तिखटपणा कुठल्या कुठे गेला. रोगट पेटी निघणं म्हणजे चारचौघांत नाचक्की. त्या म्हणाल्या, दोन पेट्या मी गुपचूप जाळते, उरलेल्या बागेत पाठवत नाही, गणवेशांचं काम आलंय म्हणून सांगते. तुमचं तुमच्याकडे, माझं माझ्याकडे. कुणाला कळायचं कारण नाही.

मामांना त्या क्षणी ही बाई देवासारखी वाटली. शनिवारी बागेचा ट्रक येणार होता. म्हणजे मध्ये तीन दिवस. तोंड बंद ठेवलं तर नाव शाबूत, मान शाबूत, सगळं शाबूत. फक्त उरलेल्या सहा अंगणांत काय आहे, हे त्यांना ठाऊक नव्हतं. तिथेही त्यांनी डोळे मिटूनच टोपी घातली होती. आणि त्यातलं एक अंगण, बेकरीवाल्याचं, शिलाईताईंच्या भिंतीला लागून.

घरी जाताना त्यांनी नेहमीचा रस्ता सोडून दोन गल्ल्यांचा फेरा घातला. घरी मामी खिडकीशी बसून निवडणं-टिपणं करत होत्या. मामांनी चपला काढल्या, खुर्चीत बसले आणि पुन्हा उठले. मग एका दमात सगळं सांगितलं, साबणाच्या वडीपासून तपकिरी तारेपर्यंत. मामींनी मान वर केली नाही.

"अहो, तुमचं नाक गेलंय हे मला थंडीपासून ठाऊक आहे."

 मामी शांतपणे सांगू लागल्या. तापातून उठल्यावर एकदा दूध करपलं, अगदी तळाला काळं झालं, आणि हा माणूस ते मुकाट्याने प्याला. चाळीस वर्षं त्यांच्या प्रत्येक भांड्याला नाक मुरडणारा माणूस. त्यांना शंका आली.

"पहिल्यांदा चुकून करपलं. नंतर दोनदा मी मुद्दाम करपवलं. तुम्ही म्हणालात, आज छान दाट आहे."

"मग बोलली का नाहीस?"

"जगाच्या पेट्यांची झाकणं उघडता. म्हटलं, स्वतःचं कधी उघडता ते बघू."

मामांना आधी राग आला, मग हसू आलं, आणि हसता हसता डोळ्यांत पाणी आलं. दोन महिने ज्या गोष्टीचं ओझं ते एकटे वाहत होते, ती गोष्ट स्वयंपाकघरात रोज उकळत होती आणि उतू जात नव्हती. मामींनी हातातलं ताट बाजूला ठेवलं आणि त्यांना विचारलं, बेकरीवाला या वेळी दुकानात असतो की भट्टीवर.

भट्टीवर होता. कणीक तिंबत होता. मामांनी दारातच उभं राहून सांगितलं, आधी स्वतःच्या नाकाचं आणि मग, शिलाईताईंची परवानगी वाटेत घेऊन आले होते म्हणून, त्यांच्या पेट्यांचं. बेकरीवाल्याचे हात थांबले नाहीत, उलट कणकेवर जास्तच जोर बसू लागला. तो वाईट माणूस नव्हता, पण बावीस पेट्यांचा धनी होता.

"बावीस वेळा टोपी घातलीत, मामा," तो म्हणाला. "मी मोजत उभा होतो."

मामांनी सबब सांगितली नाही. दाखले सगळे रद्द समजावेत म्हणाले, आणि शनिवारच्या आत चौऱ्याण्णवच्या चौऱ्याण्णव पेट्या काडीने पुन्हा तपासायला परवानगी मागितली. एकच अट घातली, सोबत शिलाईताई हव्यात. कूज पकडली ती त्यांच्या डोळ्यांनी; आता एकाच माणसाच्या भरवशावर काहीच ठेवायचं नाही. बेकरीवाला बराच वेळ कणीक थोपटत राहिला. मग म्हणाला, संघाच्या खर्चाने आगपेट्यांचं पुडकं आणा, आणि माझं अंगण सगळ्यात शेवटी घ्या. माझ्यात तेवढा धीर नाही.

असे हे दोघे तीन दिवस हिंडले. प्रत्येक अंगणाच्या दाराशी सोड्याच्या पाण्याने हात धुवायचे, चौकटी उचकटायची लोखंडी पट्टी जाळावर धरायची, मग पेटी उघडायची. आधी शिलाईताई पोळं निरखणार, पोळ्याच्या ज्या घराची शंका येईल त्यात मामा काडी घालणार. मग अदलाबदल. वापरलेली प्रत्येक काडी डब्यात, डबा आगीत.

पण पेटी उघडायच्या आधी मामांना स्वतःची कथा सांगावी लागे. पहिल्या अंगणात ती पाव तास चालली, दुसऱ्यात पाच मिनिटं. तिसऱ्यात दूधवाल्या काकूंनी त्यांना मध्येच थांबवलं. म्हणाल्या, तुमचं नाक तुमच्याआधीच इथे पोचलंय, पेट्या बघा. काकूंनी टोमणेही भरपूर मारले. पुढच्या वर्षी नाकाची चाचणी आम्ही घेऊ, माझ्या गोठ्यात उभं करून, म्हणाल्या. मामांनी ते टोमणे खाली मान घालून घेतले, आणि त्यांच्या अकरा पेट्या ठीक निघाल्या तेव्हा काकूंनीच आधी त्यांना बसायला स्टूल दिलं.

चौथ्या अंगणात गुरुजी होते, मामांच्याच वयाचे, अजून शिकवण्या घेणारे. सगळं ऐकून ते मामांच्या अगदी जवळ सरकले.

"माझे कान जाऊन सहा वर्षं झाली," ते हळूच म्हणाले. "वर्गाला अजून सांगितलेलं नाही."

शिलाईताईंना इतकं हसू आलं की जाळीच्या टोपीआडून त्यांना तोंड पुसता येईना. गुरुजींच्या चौदा पेट्या स्वच्छ. निघताना गुरुजींनी मामांना विचारलं, सांगून टाकल्यावर कसं वाटतं. मामा म्हणाले, पहिल्या दारात फार वाईट, नंतर भूक लागते. आणि खरंच, त्या आठवड्यात मामींनी त्यांना दोन महिन्यांनी पहिल्यांदा पोटभर जेवताना पाहिलं.

बुधवारी संध्याकाळी, माश्या पेटीत परतल्यावर, शिलाईताईंच्या दोन पेट्यांची दारं बंद केली. खड्डा मामांनी आणि बेकरीवाल्याने खणला होता. शिलाईताईंनी गळ्यातली मोजपट्टी काढून त्याची खोली मोजली. दोन फुटांहून कमी नको, म्हणाल्या. बेकरीवाला पुन्हा फावडं घेऊन आत उतरला. आधी माश्यांना कायमचं शांत केलं, मग चौकटी, मेण, मध, सगळं आगीत. मध जळताना चरचरत होता. शिलाईताई रडल्या नाहीत. आग विझून माती ओढून झाली तेव्हा बेकरीवाला त्यांना म्हणाला, पुढच्या हंगामात माझ्याकडची माश्यांची दोन घरं तुमची. त्या म्हणाल्या, आधी तुमच्या घरांचं बघू.

आणि खरी गोष्ट तीच होती. गुरुवारपर्यंत पाच अंगणं झाली, एकही रोगी पेटी नाही. एकेका अंगणानंतर मामांच्या छातीवरचा एकेक दगड उतरत होता. पण शेवटचं अंगण भिंतीपलीकडचं. लुटारू माश्या कुठे गेल्या असतील तर तिथेच.

शुक्रवारी सकाळी बेकरीवाला पिठाच्या पोत्यांवर बसून होता. पाव भाजायचं काम त्याने दुसऱ्यावर सोपवलं होतं, जे त्याच्या बायकोच्या म्हणण्याप्रमाणे त्यांच्या लग्नाच्या दिवशीही झालं नव्हतं. पहिल्या सोळा पेट्या सुरळीत गेल्या. सतराव्या पेटीत शिलाईताई थांबल्या.

"इथे," त्या म्हणाल्या.

चौकटीच्या अगदी कडेला, खालच्या कोपऱ्यात, तीन झाकणं बसलेली. एकाला भोक. मामांनी चष्मा पुसला. काडी काढली, पहिली मोडली, दुसरी काढली. बेकरीवाला उठून उभा राहिला होता, पण जवळ येत नव्हता. मामांनी काडी घातली, फिरवली आणि इतकी हळू वर ओढली की जणू पलीकडून कुणीतरी तिचं दुसरं टोक धरलंय.

तार आली नाही. काडीच्या टोकाला पाणचट करडा कण, बस. दुसऱ्या घरात नवी काडी, तेच. तिसऱ्यात तेच. मामांनी काडी शिलाईताईंच्या डोळ्यांपुढे धरली, मग त्यांनी स्वतःची एक काडी घालून पाहिली, वास घेतला, पुन्हा घेतला. चिकटपणा नाही, सरसाचा वास नाही. कडेच्या चौकटीवर माश्या पुरेशा बसल्या नव्हत्या. गेल्या आठवड्यातल्या थंड रात्रींत तीन अळ्या गारठून मेल्या होत्या. मोठं आजारपण नव्हे, तीन बाळांना पांघरूण कमी पडलं, इतकंच.

बेकरीवाला पुन्हा पोत्यांवर बसला. बसला म्हणजे कोसळलाच. पिठाचा ढग उडाला आणि तो त्या ढगात खोकत राहिला. मामांचे खांदे खाली आले. उरलेल्या पाच पेट्या त्यांनी तितक्याच काळजीने पाहिल्या, डोळे टक्क उघडे ठेवून. पाचही निरोगी, पिल्लं मोत्यासारखी पांढरी, ओळीने वळलेली. इतकं सुंदर दिसतं हे, मामा पुटपुटले, आणि मी तीस वर्षं मिटून बसलो होतो.

बेकरीवाला नवा दाखला घेऊन आला. शिलाईताईंच्या उरलेल्या सात पेट्या निगराणीखाली घरीच राहणार होत्या. बाकी पंच्याऐंशी उद्या ट्रकमध्ये चढणार होत्या. त्याचा चेहरा पांढराफटक होता, पण हसरा. त्याने कागद पेटीच्या झाकणावर ठेवला, पेनाचं टोपण काढलं आणि मामांपुढे धरलं. मामा अजून शेवटच्या पेटीसमोर गुडघ्यांवरच होते. उठायला दोघांचे हात लागणार होते. त्यांनी पेन घेतलं, दाखल्यावरची जागा पाहिली, आणि पेन उलटं करून शिलाईताईंपुढे केलं.

"आधी तुम्ही करा, बाई," ते म्हणाले. "पाहिलंय तुम्ही. मी नुसता गुडघे टेकून बसलोय."